वेग वाढवण्याआधी व्होल्टेज सांभाळा

यंत्रमाग चालवणाऱ्या बांधवांना एक गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नाही. मोटारीची पुली बदलली की मागाचा वेग वाढतो. पण धागाही जास्त तुटतो, आणि त्यातच विजेचा दाब खालीवर झाला तर कापडात खोट येते. संगणकाच्या प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, हा असाच प्रकार होय. फरक इतकाच की कापडातील खोट डोळ्यांना दिसते, हिशेबातील खोट दिसत नाही. म्हणून व्यापारी व कारागीर या दोघांनीही हा विषय समजून घ्यावा, असे आम्हास वाटते.

वेग येतो कोठून?

एक जुने पण स्पष्ट उदाहरण घेऊ. १९९९ साली तैवानच्या अबिट कंपनीचा बीपी६ नावाचा मदरबोर्ड बाजारात आला. त्यावर इंटेलचे दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर एकदम बसत. सेलेरॉन ३६६ चा हिशेब असा होता : बसचा वेग सुमारे ६६ मेगाहर्ट्झ, त्याला ५.५ ने गुणले की ३६६. बोर्डाच्या बायोसमध्ये बसचा वेग १०० केला की तोच प्रोसेसर ५५० वर धावे. पैसे स्वस्त मालाचे आणि काम महाग मालाचे! त्यामुळे हौशी लोकांत हा बोर्ड फार गाजला.

परंतु वेग फुकट मिळत नाही. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.० व्होल्टचे २.२ केले तर १.२१ पट आणि वेग दीडपट, म्हणजे एकूण सुमारे १.८ पट. २० वॅट खाणारा प्रोसेसर ३६ वॅट मागू लागतो. १० अँपिअरच्या जागी १६ अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. ही वाढीव मागणी पुरवायची कोणी?

व्होल्टेज का डळमळते?

हे काम मदरबोर्डवरील व्होल्टेज रेग्युलेटरचे. वीजपुरवठ्याच्या पेटीतून येणारे ५ किंवा १२ व्होल्ट तो प्रोसेसरला लागतील तितके खाली आणतो. मॉसफेट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, तारेची कॉइल आणि उभे नळकांडी केपॅसिटर तो प्रवाह सपाट करतात. केपॅसिटर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी समजावी. प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह मागितला की रेग्युलेटर सावरेपर्यंत ही टाकीच पुरवठा करते. टाकी लहान असेल, किंवा तिचा नळ चोंदला असेल, म्हणजे केपॅसिटरचा आतला अवरोध वाढला असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज पडते. मग यंत्र गोठते, किंवा न गोठता चुकीचे उत्तर देते. यातील दुसरी गोष्ट अधिक घातक.

बीपी६ च्या अनेक मालकांनी यावर उपाय केला तो असा : बोर्डवर ईसी१० असे छापलेल्या जागेचा केपॅसिटर काढून तेथे अधिक क्षमतेचा बसवला. एका लहानशा सुट्या भागाची अदलाबदल, पण हुनर पाहिजे.

कारागिरांसाठी चार गोष्टी

पहिली : वीजपुरवठ्याची पेटी उघडू नये. तिच्यातील मोठ्या केपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठलेला असतो. आपले काम मदरबोर्डपुरते. बोर्ड पेटीपासून अलग करून, हाताची स्थिर वीज जमिनीत उतरवूनच हात लावावा.

दुसरी : नवा केपॅसिटर तितक्याच किंवा थोड्या अधिक क्षमतेचा, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि कमी अवरोधाचा असावा. रेडिओच्या पेटीतला साधा माल येथे चालत नाही.

तिसरी : उलटसुलट टोके पाहून घ्यावीत. बोर्डवरील रंगवलेली बाजू बहुधा ऋण असते, पण सगळ्याच कंपन्या ही रीत पाळत नाहीत. छपाईवर न विसंबता मीटरने तपासावे. उलटा बसवलेला केपॅसिटर फुटतो.

चौथी : मदरबोर्डमध्ये तांब्याचे अनेक थर असतात, ते उष्णता ओढून घेतात. लहान सोल्डरिंग गनने टाका वितळत नाही, आणि पाय ओढून काढला तर भोकातील तांबे निघून येते. जास्त वॅटची इस्त्री, भरपूर फ्लक्स आणि सबुरी, हाच मार्ग.

काम झाल्यावर भार नसताना व असताना व्होल्टेज मोजावे. साध्या मीटरवर सरासरी दिसते, क्षणाचा चढउतार पाहायचा तर ऑसिलोस्कोप लागतो. नंतर प्राइम९५ सारखा जड आकडेमोडीचा प्रोग्राम रात्रभर चालवावा. एक जरी चूक आली तरी वेग कमी करावा.

आजची स्थिती

आजच्या चांगल्या बोर्डांत टिकाऊ पॉलिमर केपॅसिटर असतात आणि भाराखाली व्होल्टेज सावरण्याची सोय बायोसमध्येच मिळते. तरीही प्रश्न संपलेला नाही. २०२४ साली इंटेलने स्वतः मान्य केले की १३व्या व १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळून ते बिघडत होते. ऑगस्टमध्ये त्यावर दुरुस्ती द्यावी लागली व हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. कमी व्होल्टेज काम चुकवते, जास्त व्होल्टेज प्रोसेसरच झिजवते.

सौद्याची गोष्ट

२००० साली आम्ही पेढीसाठी ५५० मेगाहर्ट्झचा म्हणून एक संगणक घेतला. पडद्यावर ५५० च दिसे. एप्रिलच्या उन्हात बिल काढता काढता तो गोठू लागला, आणि एकदा तर शिलकी मालाची बेरीजच चुकली. एका जाणत्या मुलाने पेटी उघडून सांगितले की हा प्रोसेसर ३६६ चा आहे. त्याने वेग मूळ जागी आणला आणि तोच संगणक पुढे चार वर्षे बिनतक्रार चालला. आमचा आक्षेप वेग वाढवण्याला नव्हता, लपवण्याला होता. सांगितले असते तर आम्ही दोन पैसे कमी देऊन ३६६ चाच घेतला असता.

धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतला ओलावा लागला, तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर ठेवण्यास प्रेषित (स.) यांनी सांगितले, हा प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक आहे. वेग वाढवलेला, केपॅसिटर बदललेला बोर्ड विकताना तेच लागू पडते. काय बदलले, किती वेगावर तपासले, कंपनीची हमी उरली की नाही, हे पावतीवर लिहावे.

व्यापारी बांधवांनी खातेवहीचा संगणक मूळ वेगावरच ठेवावा, हौस दुसऱ्या यंत्रावर करावी. आणि टीव्ही-रेडिओच्या दुरुस्तीत हात बसलेल्या आमच्या तरुणांनी मदरबोर्डचे केपॅसिटर बदलण्याचे काम अवश्य शिकावे. ज्या बोर्डाला लोक भंगार म्हणून टाकतात, तो पुष्कळदा दोन-चार केपॅसिटरांत उठून उभा राहतो. हीही हलाल रोजीच आहे, आणि इन्शाअल्लाह तिच्यात बरकत आहे.