वजनाची फाइल

ज्या अंकात फराळाच्या पाककृती छापायच्या, त्याच अंकात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवर लेख द्यायचा, हा जरा आगाऊपणाच आहे. पण गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत माझ्या ताटातला एवढासा भात पाहून दोघींनी हळूच विचारलं, "ते ऑपरेशन केलंस ना? कासेने पैसे दिले का गं?" नंतर वर्षभरात विचारणारे पाच-सहा जण झाले. प्रत्येकाची अट एकच, कुणाला सांगू नकोस. म्हणून कुणाचंच नाव न घेता, फक्त माझ्या स्वतःच्या फाइलवरून लिहिते आहे.

सुरुवात आकड्यांनी होते, त्याला इलाज नाही. माझी उंची 162 सेंटिमीटर, वजन तेव्हा 104 किलो. मधुमेह आठ वर्षं जुना, आणि रात्री श्वास अडकतो म्हणून तोंडावर मशीनचा मास्क लावून झोपणं. बीएमआय आला 39.6. जर्मनीतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणे बीएमआय 40 किंवा जास्त असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. 35 ते 40 मध्ये असाल तर सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेतला श्वासरोध असं काहीतरी असावं लागतं. दोन्ही ठिकाणी सर्वसाधारण अट ही की आधी किमान सहा महिने आहार, व्यायाम आणि वर्तनातले बदल असे तिन्ही उपाय एकत्र करून पाहिलेले हवेत. 50 च्या वर असाल तर थेट शस्त्रक्रियेकडे जाता येतं. मधुमेह असलेल्यांना 40 पासूनच ती मधुमेहावरचा उपचार म्हणून सुचवतात. म्हणजे मी एक किलोने हुकले होते. एका मैत्रिणीने लगेच गुलाबजामचा डबा पाठवायची तयारी दाखवली! विनोद सोडा, पण ही भीती खरी असते. सहा महिने प्रामाणिकपणे पथ्य केलं, पाच-सहा किलो उतरले, आणि मग कासे म्हणाली की बघा, जमतंय की तुम्हाला, तर? त्याचं उत्तर त्याच मार्गदर्शिकेत आहे. बीएमआय 35 ते 40 असणाऱ्यांचं मूळ वजन 15 टक्क्यांहून जास्त आणि त्यावरच्यांचं 20 टक्क्यांहून जास्त उतरलं नाही, तर साधे उपाय अपुरे पडले असं धरतात. माझ्यासाठी 15 टक्के म्हणजे साडेपंधरा किलो. उतरले सहा. त्यामुळे पथ्याच्या काळात मुद्दाम वजन राखून ठेवायची गरज नसते.

हे 40 आणि 35 आले कुठून? 1991 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत ते ठरले आणि मग जगभर पसरले. आपल्या शरीराला ते कितपत लागू पडतात, हा प्रश्न पुण्यातूनच जोरात विचारला गेला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन या दोघांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी, हे आपलं भारतीय शरीर. म्हणूनच ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी ही मर्यादा 2.5 ने खाली धरतात, आणि शस्त्रक्रियातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये आशियाई लोकांना 27.5 पासूनच हा पर्याय सुचवावा असं म्हटलं. इथल्या कासेकडे अर्ज करताना मात्र 35 आणि 40 हेच धरून चाला. माझ्या सर्जनबाईंनी त्यांच्या पत्रात हा मुद्दा एका वाक्यात घातला होता. उपयोग झाला की नाही ते कळायला मार्ग नाही, पण तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना घालायला सांगा.

आता ते सहा महिने. यातच बहुतेकांची फाइल अडकते, माझीही अडकली.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच दिवशी वही सुरू करायला सांगितली. खाल्लेलं सगळं, ग्रॅममध्ये. मी लिहिलं, "वरण एक वाटी, भात दोन डाव, पोळ्या अडीच." त्यांनी शांतपणे विचारलं, वाटी म्हणजे किती? माझ्या घरात चार मापांच्या वाट्या निघाल्या, त्यातली एक सासूबाईंनी कोल्हापूरहून आणलेली, ती जवळजवळ वाडगाच. मग वजनकाटा घेतला. कणकेचा गोळा मोजायचा, फोडणीचं तेल चमच्याने मोजायचं. ज्या तेलाला आपण "थोडंसं" म्हणतो ते एका भाजीत चार चमचे निघालं. एकादशीला मी "उपास" असं लिहिलं, तर बाईंना वाटलं दिवसभर पाण्यावर होते आणि त्यांनी काळजीने औषधांचं विचारलं. साबुदाण्याची खिचडी म्हणजे काय, त्यात दाण्याचं कूट किती आणि तूप किती, हे समजावल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

या सल्ल्याच्या खर्चाचा काही भाग कासे देते. त्यासाठी हाउसआर्त्स्टकडून सल्ल्याची गरज असल्याचा दाखला आधी घ्यायचा आणि कासेला विचारूनच आहारतज्ज्ञ निवडायचे. उलट्या क्रमाने गेलात तर पैसे खिशातले.

व्यायामाचं प्रकरण वेगळंच. माशझेभोवती एक फेरी म्हणजे सुमारे सहा किलोमीटर. आठवड्यातून तीनदा मी ती मारत होते, पावसातसुद्धा. फाइलमध्ये त्याची किंमत शून्य, कारण चालण्यावर कुणी शिक्का मारत नाही. ज्यांना विचारायचंय त्यांना मी आता पहिलं हेच सांगते: चाला, पण सोबत सही मिळेल असं काहीतरी लावून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेला रेहास्पोर्ट, एखाद्या फेरआइनमधली पाण्यातली कवायत, फिटनेस स्टुडिओचा हजेरीचा कागद, काहीही चालेल.

बाकीचे कागद मिळवायला वेळ लागतो, पण ते अवघड नाहीत. थायरॉइड किंवा इतर ग्रंथींचा आजार वजनामागे नाही हे सांगणारा अहवाल. हाउसआर्त्स्टचं पत्र आणि गेल्या काही वर्षांतली वजनं. मानसोपचारतज्ज्ञांचं मत, याला घाबरू नका, खाण्याचा विकार किंवा उपचार न घेतलेलं नैराश्य आहे का एवढंच ते बघतात. सर्जनचा अहवाल. आणि स्वतः लिहिलेलं एक पत्र: लहानपणापासून वजनाचं काय काय झालं, कोणती पथ्यं केली, रोजच्या जगण्यात काय अडतं. हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. जर्मन अडली नव्हती. मुलाच्या शाळेतल्या छोट्या खुर्चीत पालकसभेला बसता येत नाही म्हणून मी दोन वर्षं "ऑफिसात काम आहे" सांगत होते, हे कागदावर उतरवणं अडलं होतं. मुलगाच शेवटी जर्मन तपासायला बसला. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाला, "आई, हे मला माहीत होतं."

अर्ज गेला. कायद्याने कासेने तीन आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. मेडित्सिनिशर डीन्स्टचं मत मागवलं तर पाच. हॅनोव्हरकरांसाठी गंमत अशी की आपल्या राज्याचा डीन्स्ट याच गावात आहे आणि दोन मोठ्या कासेंची मुख्यालयंसुद्धा, पण त्याने काही लवकर होत नाही. डीन्स्टचे डॉक्टर बहुतेक वेळा तुम्हाला बोलावत नाहीत, कागद बघूनच मत देतात. पाचव्या आठवड्यात पत्र आलं. नकार.

मी ते पत्र दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. नवऱ्यालाही दाखवलं नाही. "तुमचा प्रयत्न पुरेसा नव्हता" असंच मी त्यात वाचलं, आणि अशा वाक्यांची सवय असलेल्या माणसाला ते पटकन पटतं. तिसऱ्या दिवशी नीट वाचलं तेव्हा शेवटच्या परिच्छेदात मुदत दिसली: विडरश्प्रुख करायला एक महिना. आपली माणसं इथेच थांबतात. सरकारी कागदावर नाही आलं की नाहीच, वर हुज्जत घातली तर व्हिसावर काही होईल का, अशीही शंका मला एकाने विचारली. काहीही होत नाही. कासेला तुमच्या व्हिसाशी देणंघेणं नाही, आणि विडरश्प्रुख म्हणजे भांडण नसतं. निर्णय पुन्हा तपासून घेण्याचा तो नेहमीचा, फुकट मार्ग आहे. मी एका सोत्सियालफरबांडची सभासद झाले. तिथल्या सल्लागाराने आधी दोन ओळींचं पत्र पाठवायला लावलं: निर्णय मान्य नाही, कारणं मागून पाठवते, डीन्स्टच्या अहवालाची प्रत द्या. त्याने मुदत सांभाळली गेली. पत्र रजिस्टरने पाठवायचं, साध्या ईमेलवर भरवसा ठेवायचा नाही.

अहवाल हातात आल्यावर राग कमी झाला, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात आहारवही कोरी होती. सासऱ्यांच्या आजारपणात मी भारतात सात आठवडे होते. व्यायामाचा एकही सहीचा कागद नव्हता. आणि झोपेच्या तपासणीचा अहवाल मीच जोडायचा विसरले होते, तो घरातल्या दुसऱ्या फाइलमध्ये सुखाने पडून होता. माझी परिस्थिती शस्त्रक्रियेइतकी गंभीर नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. कागदावर सिद्ध होत नाही, एवढंच म्हटलं होतं. मग मधले दोन महिने भरून काढले, पाण्यातल्या कवायतीच्या सह्या जोडल्या, भारतातल्या सात आठवड्यांचं कारण तिकिटांसकट दिलं.

सल्लागाराने उत्तरात कासेलमधल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाच्या दोन निकालांचा आधार घेतला. 2003 च्या निकालाने हे स्पष्ट केलं की अतिस्थूलपणा हा उपचार लागणारा आजार असू शकतो आणि शेवटचा उपाय म्हणून शस्त्रक्रियेचा खर्च कासेवर येऊ शकतो. 22 जून 2022 च्या निकालाने या "शेवटचा उपाय" शब्दांचा अर्थ सैल केला. बाकी सगळे उपाय आधी एकेक करून संपवलेच पाहिजेत असं नाही. शस्त्रक्रियेने यश मिळण्याची शक्यता इतर उपायांपेक्षा बरीच जास्त आहे का, हे तोलायचं. विडरश्प्रुखही फेटाळला गेला तर पुन्हा एका महिन्यात सोत्सियालगेरिश्टमध्ये जाता येतं, आणि विमेदाराला तिथे कोर्टाची फी नसते. मला तिथवर जावं लागलं नाही. आता काही रुग्णालयं आगाऊ मंजुरी न मागता स्वतःच्या जबाबदारीवर शस्त्रक्रिया करतात, तेव्हा पहिल्याच भेटीत तिथली पद्धत विचारून घ्या.

हे सगळं सरकारी विम्याचं झालं. आपल्यातले बरेच आयटीवाले खासगी विम्यात आहेत. तिथे विडरश्प्रुख नाही, सामाजिक न्यायालय नाही. करारात काय लिहिलंय आणि विमा घेताना वजन-मधुमेह खरा सांगितला होता का, यावर सगळं. शस्त्रक्रियेआधी लेखी होकार घ्याच. भारतात भावा-बहिणीसाठी विचारणाऱ्यांना: तिथे स्थूलपणा विम्यातून वगळलेला असतो, पण नियामकाच्या नियमात अपवाद आहे. 18 वर्षं पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय 40, किंवा 35 सोबत हृदयविकार, तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असे ठरावीक आजार. पुन्हा तेच 1991 चे आकडे, आणि तेही याज्ञिकांच्या पुण्यात! इंजेक्शनांचंही सगळे विचारतात. फक्त वजन कमी करण्यासाठी दिलेली औषधं इथल्या सरकारी विम्यातून कायद्यानेच वगळलेली आहेत. ऑपरेशनला पैसे मिळतात, सुईला नाही. मला हे उलटं वाटतं, पण आहे ते असं आहे.

मंजुरीचं पत्र विडरश्प्रुखानंतर अकराव्या आठवड्यात आलं. माझी फाइल दोन बोटं जाड, आणि ते पत्र पाऊण पानाचं. रुग्णालयात दिवसाला दहा युरो भरले. पुढचा खर्च मात्र विचारात घ्या: जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, आणि त्या बहुधा स्वतःच्या पैशाने. रक्ततपासणी न चुकता. आम्ही शाकाहारी, त्यामुळे बी12, लोह आणि प्रथिनांची जास्तच काळजी. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं पनीर, दही आणि डाळीतून भरताना आधी प्रथिनं खायची आणि भात उरलेल्या जागेत, हा क्रम अंगवळणी पडायला वर्ष गेलं. इन्सुलिन सुटलं, मास्क कपाटात गेला. मधुमेहाची एक गोळी अजून आहे.

वही अजून चालू आहे, दर तपासणीला आहारतज्ज्ञ बाई ती बघतात. परवा चकल्या तळल्या तेव्हा एक काट्यावर ठेवली. 22 ग्रॅम. त्यांच्या तक्त्यात चकलीचं नाव नव्हतं, या खेपेला त्यांनी मला विचारून ते लिहून घेतलं.