बंदराचा विस्तार व शेतकऱ्याचें हित

मुळशी तालुक्यांतील शेतकरी बंधूंस समुद्रबंदराची वार्ता परकी वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या मालास परदेशीं गिऱ्हाईक आहे, त्याचा भाव केवळ बांधावर ठरत नाहीं. माल जहाजावर किती लवकर व किती स्वस्तांत चढतो, यावरहि तो अवलंबून असतो.

उरणजवळील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें. लोखंडी पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, होणाऱ्या देशाच्या व्यापाराचा फार मोठा भाग येथूनच चालतो. नाशिककडील द्राक्षें थंड पेट्यांतून याच वाटेनें युरोपांत जातात. तेथील चौथ्या टर्मिनलचा पहिला टप्पा २०१८ मध्यें व दुसरा २०२५ मध्यें खुला झाला. एवढ्यानें भागणार नाहीं म्हणून पालघर जिल्ह्यांत वाढवण येथें नवें बंदर योजिलें असून, केंद्रीय मंत्रिमंडळानें जून २०२४ मध्यें त्याच्या ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चास संमति दिली. तेथें नऊ कंटेनर टर्मिनलें व्हावयाचीं आहेत. पाणी सुमारें वीस मीटर खोल असल्यानें मोठीं जहाजें धक्क्यास लागूं शकतील. आणि जहाज मोठें, तितकें पेटीमागें भाडें कमी.

हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. मात्र बंदर वाढलें म्हणून शेतकऱ्याचा पैका आपोआप वाढतो असें नाहीं. जुलै २०२३ मध्यें सरकारनें बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्यें उठली. त्या चौदा महिन्यांत धक्के होते, जहाजें होतीं. परंतु आमच्या आंबेमोहरास ती वाट मोकळी नव्हती. शिवाय पेटीभर एकजात माल एकट्या शेतकऱ्यापाशीं नसतो. भरडणी, प्रतवारी व साठवण मिळून केली तरच पेटी भरते.

दुसरी गोष्ट जमिनीची. धरणासाठीं जमिनी जाऊं लागल्या तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं मुळशीकरांनीं सत्याग्रह केला. तरी गांवें पाण्याखालीं गेलीं व वीज मुंबईस गेली. जानेवारी १९८४ मध्यें उरण भागांत, नवी मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्याकरितां झगडतांना पांच शेतकरी गोळीबारांत मृत्यु पावले. तेव्हां कोठें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. वाढवणचे मच्छीमार व बागायतदार आपल्या उपजीविकेची जी भीति बोलून दाखवितात, ती आम्हां मुळशीकरांस तरी नवी वाटूं नये.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याची जागा वा जाळें जातें त्याचा हिशेब धक्का उभा राहण्यापूर्वीं चुकता व्हावा, आणि निर्यातीचें धोरण पेरणीपूर्वीं कळावें. सभासद बंधूंनींहि येत्या खरिपाआधीं गांवोगांव एकत्र बसून सामायिक प्रतवारीचा विचार करावा, अशी आमची विनंति आहे.