गणितातील इमारती

केशकर्तनालयात समोरासमोर लावलेल्या दोन आरशांत प्रतिमांची न संपणारी रांग दिसते. तेच आरसे एकमेकांशी ६० अंशांचा कोन करून ठेवले, तर पाचच प्रतिमा दिसतात. मूळ वस्तू धरून सहा. पहिली रांग कधी संपत नाही, दुसरी फिरून स्वतःलाच मिळते. या फरकावरून गणितातील एका रचनेचे दोन प्रकार पडतात. त्या रचनेचे नाव ‘इमारत’!

ही कल्पना बेल्जियममध्ये जन्मलेले गणितज्ञ झाक तित्स (१९३०–२०२१) यांची. २००८ साली त्यांना जॉन थॉम्पसन यांच्यासमवेत आबेल पारितोषिक मिळाले. तित्स यांच्या इमारतीत खोल्या व सदनिका असतात. पण एकच खोली अनेक सदनिकांत मोडते. प्रत्येक सदनिकेची रचना आरशांतील प्रतिमांसारखी असते. मुख्य नियम असा, की कोणत्याही दोन खोल्यांना सामावणारी एक तरी सदनिका असलीच पाहिजे.

अशी एक इमारत कागदावर काढू. सात विद्यार्थ्यांच्या सात समित्या आहेत : १२४, २३५, ३४६, ४५७, ५६१, ६७२, ७१३. कोणतेही दोन विद्यार्थी बरोबर एकाच समितीत एकत्र येतात. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी व समितीसाठी एकेक ठिपका काढा आणि विद्यार्थ्याला त्याच्या समित्यांशी रेघांनी जोडा. ठिपके १४, रेघा २१. रेघ म्हणजे खोली. सहा रेघांचे बंद कडे म्हणजे सदनिका. उदाहरणार्थ, १ – १२४ – २ – २३५ – ५ – ५६१ – पुन्हा १.

या इमारतीला भोके किती? १४ ठिपके एकसंध जोडण्यास १३ रेघा पुरतात. उरलेल्या ८ रेघांपैकी प्रत्येक रेघ एक नवे भोक पाडते. आकार ताणला किंवा दाबला तरी टिकणाऱ्या गुणांचा अभ्यास करणाऱ्या शाखेस टोपॉलॉजी म्हणतात. तिच्या दृष्टीने ही आकृती म्हणजे एका बिंदूत जोडलेल्या ८ वर्तुळांचा गुच्छ होय.

आता समोरासमोरच्या आरशांकडे वळू. तेथे सदनिका म्हणजे दोन्ही बाजूंना अनंत जाणारी रेघांची साखळी. अशा साखळ्यांची सर्वांत साधी इमारत म्हणजे एक अनंत वृक्ष : प्रत्येक ठिपक्यातून तीन फांद्या, शेवट कोठेच नाही. यात बंद कडे नाही, म्हणून भोकही नाही. इतका अफाट विस्तार, पण टोपॉलॉजीच्या दृष्टीने तो एका बिंदूएवढाच!

मात्र येथे एक अडचण येते. सहा रेघांच्या कड्यात प्रत्येक खोलीची समोरची, सर्वांत दूरची खोली ठरलेली असते. अनंत साखळीत ‘सर्वांत दूर’ असे काही नसतेच. व्हिक्टर काट्स व रॉबर्ट मूडी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बहुधा अनंत मितींच्या गटांचा अभ्यास करताना ही उणीव भासते. त्यावर मार्क रोनन व तित्स यांनी जुळ्या इमारतींची युक्ती काढली : एका इमारतीतील खोलीची ‘समोरची’ खोली दुसऱ्या इमारतीत शोधायची!

आता पेन्सिल घ्या. आपल्या छोट्या इमारतीत सदनिका एकूण २८ आहेत. एक खोली किती सदनिकांत येते, हे मोजा. उत्तर ८ येईल. भोकेही ८च होती. हा योगायोग नव्हे.