जेवणावर चहा नको

आपल्या घरची ज्वारीची भाकरी, माठाची भाजी, हरभऱ्याची उसळ यांत लोह असते. तरीही मिस्सेला येणाऱ्या कित्येक भगिनींचे चेहरे फिकट दिसतात, चर्चच्या पायऱ्या चढताना त्यांना धाप लागते. रक्तक्षयाची कारणे अनेक. त्यांतले एक आम्हांस घरभेटीत दिसते. जेवण उरकले की लगेच चहा! चहातील टॅनिन पोटात लोहाला धरून ठेवते. मग ते रक्तात न जाता शौचावाटे निघून जाते. कडधान्यांतले फायटिक आम्लही हेच करते. त्यासाठी साले काढून टाकू नयेत, पोट साफ राहते ते त्यांच्यामुळेच. रात्री भिजवून मोड आणावेत म्हणजे हे आम्ल कमी होते आणि उसळ पचायलाही हलकी जाते. लिंबू ताटात वाढल्यावर पिळावे. त्यातील क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते, पण शिजवल्यास बरेचसे नष्ट होते. चहा तासाभराने घ्यावा. (आमच्यापुढेही जेवल्याबरोबर कप ठेवू नये, नाही म्हणणे आम्हांस जड जाते.) गरोदर भगिनींनी मात्र एवढ्यावर न थांबता आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, त्याही चहाबरोबर नव्हे. गोळ्यांनी शौचास काळे होते. त्याला भिऊन त्या सोडू नयेत.