बिर्याणीचा सिल्व्हर डबा: धुतला तर कामाचा, फेकला तर कचरा

वलीमा असो, अकीका असो की रमजानमधली इफ्तारची वाटप, एरंडोलमध्ये आता बिर्याणी घरोघर जाते ती चकचकीत सिल्व्हर डब्यातूनच. धुळे-जळगाव महामार्गावरच्या ढाब्यावरून पार्सल आणलं तरी हाच डबा. २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली. जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. केटररवाल्यांना मग हा डबा आणखीच सोयीचा झाला. दावत संपते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर तेलकट डब्यांचा ढीग दिसतो. कुत्री ते ओढत नेतात, उरलेले पावसात गटारीत जाऊन अडकतात.

हा डबा म्हणजे आपल्या घरातली जुनी माणसं ज्याला 'जर्मन' म्हणतात तेच अ‍ॅल्युमिनियम, फक्त पातळ. जर्मनचं जुनं पातेलं मोडीत देताना आपण काट्याकडे डोळे लावून बसतो, आणि हे मात्र फुकटात फेकून देतो. एक डबा सात-आठ ग्रॅमचा धरला तरी ५०० डब्यांच्या दावतीत साडेतीन ते चार किलो धातू होतो. हा धातू बॉक्साइट नावाच्या दगडापासून बनतो. आपल्या राज्यात कोल्हापूरकडे त्याच्या खाणी आहेत. बॉक्साइटपासून नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला प्रचंड वीज लागते. जुनं वितळवून पुन्हा वापरलं तर त्यातली सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. इसराफ म्हणतात तो हाच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे डबा जेवण झाल्या-झाल्या धुवा. बिर्याणीचं तूप-तेल सुकलं की ते घड्यांमध्ये बसतं आणि मग मुंग्या, वास, सगळंच सुरू होतं. गरम पाणी आणि थोडा साबण पुरे. जोरात घासू नका, फाटेल. वरचं पुठ्ठ्याचं झाकण वेगळं काढा. त्याला आतून फक्त चंदेरी पातळ थर असतो, ते अ‍ॅल्युमिनियममध्ये मोजलं जात नाही.

आता धुतलेल्या डब्याचं करायचं काय?

बायकांना सगळ्यात आवडेल असा उपयोग चांदीचा. काळे पडलेले पैंजण किंवा जोडवी डब्यात अशी ठेवा की ती तळाला टेकली पाहिजेत. त्यावर एक चमचा खाण्याचा सोडा आणि थोडं मीठ टाका, मग कडकडीत गरम पाणी ओता. काही मिनिटांत काळेपणा उतरू लागतो. चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधकाचं मिश्रण. गरम सोड्याच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम ते गंधक आपल्याकडे ओढून घेतं आणि चांदी जागेवरच राहते. म्हणून यात चांदी झिजत नाही, जी पावडरने घासताना थोडी थोडी झिजते. सडक्या अंड्यासारखा हलका वास आला तर घाबरू नका, खिडकी उघडी ठेवा. मात्र मोती, खडे, मीनाकाम किंवा मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी असलेला दागिना यात अजिबात टाकू नका.

सायकलच्या चकचकीत हँडलवर गंज चढला असेल तर डब्याचा तुकडा चुरगाळून, पाण्यात बुडवून घासा. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडे कमी पडतात. नॉनस्टिक तव्यावर मात्र हा प्रयोग नको.

उन्हाळ्यात खान्देशातल्या प्रत्येक गच्चीवर पापड, कुरडया, बिबडे वाळत असतात आणि कावळे-चिमण्या टपलेल्या असतात. डब्याच्या तळाच्या पट्ट्या कापून दोरीला टांगल्या की वाऱ्यावर हलतात, ऊन चमकतं, पाखरं बिचकतात. अमेरिकेत बागवाले लोक पायच्या थाळ्या अशाच टांगतात. (हा पाय म्हणजे आपले पाये नव्हेत, तर गोड सारण भरून भाजलेला एक पदार्थ. तिथल्या फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या रिकाम्या थाळ्या कॉलेजची पोरं हवेत फेकून खेळायची, आणि त्यावरूनच फिरत्या चकतीच्या खेळाला ते नाव पडलं.) पाखरं हुशार असतात. चार-पाच दिवसांत त्यांना सवय होते, तेव्हा पट्ट्यांची जागा बदलत राहा.

रोपांसाठीही डबा चांगला. तळाला खिळ्याने छिद्रं पाडा, माती आणि शेणखत भरा, खाली दुसरा डबा ठेवा म्हणजे पाणी सांडत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते बी यात पेरलं तर साधारण चार-पाच आठवड्यांत लावण्याजोगी रोपं होतात. त्याहून जास्त दिवस ठेवू नका, डबा उथळ असतो आणि मुळं कोंडतात. मेथी-कोथिंबीर मात्र थेट यातच खुडता येते. पक्ष्यांना पाणी ठेवायचं असेल तर डबा सावलीत ठेवा आणि आत एक दगड टाका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, उन्हातल्या पातळ पत्र्यात पाणी तापून चटका बसेल.

मुलांसाठी सपाट तळ कापून घ्या, घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर ठेवा आणि रिफिल संपलेल्या पेनाने चांद-तारा, वेल, नाव काढायला सांगा. उलटं केलं की नक्षी वर उठून येते. ईदच्या सजावटीला छान दिसतं. कापण्याचं काम मोठ्यांनीच करावं आणि कडा आत दुमडाव्यात, त्या ब्लेडसारख्या लागतात.

एक गोष्ट मात्र करू नका. त्याच डब्यात पुन्हा खायचं ठेवू नका. लोणचं, चिंच, टोमॅटो, दही अशा आंबट-खारट पदार्थांनी अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, बारीक छिद्रंही पडतात. घड्यांतलं तेल पूर्ण निघत नाही, म्हणून कुर्बानीच्या गोश्तच्या वाटपालाही जुने डबे नकोत.

जुनं टाकाऊ पुन्हा कामाला लावणं एरंडोलला नवं नाही. इथे पूर्वी हातकागद बनायचा. १९०८ च्या सुमारास निघालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्येही एरंडोलच्या जाड्याभरड्या देशी कागदाची नोंद आहे. आपल्याकडे कागद करणारे कागजी बहुतेक मुसलमान असत. जुनं गोणपाट, चिंध्या, रद्दी भिजवून, कुटून त्यातून ते कागद काढत. आज तेच काम भंगारवाला करतो, आणि त्या धंद्यातही आपल्यातली बरीच घरं आहेत.

भंगारवाल्याला तेलकट, खरकट्या डब्यांचा ढीग नको असतो. स्वच्छ, चेपून सपाट केलेले डबे दिले तर तो घेतो. वेफरची पिशवी त्यात मिसळू नका. ओळख सोपी आहे: मुठीत चुरगाळा. चुरगाळलेलंच राहिलं तर अ‍ॅल्युमिनियम, पुन्हा उलगडलं तर प्लास्टिक.

दावत ठेवणाऱ्यांनी जेवणाच्या जागेजवळ दोन गोण्या आणि एक पाण्याचा टब ठेवावा. एका गोणीत झाकणं, दुसरीत टबात बुचकळलेले डबे. दोन पोरं उभी केली की काम होतं, आणि चार किलो भंगाराचे पैसे त्यांनाच द्या.