व्हीलचेअर अडली, तर आधी काय पाहावे?

तापीकाठचे सुरत असो वा मांडवीकाठची पणजी, पावसाळ्यातील दमट हवा विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या जोडण्यांना मानवत नाही. खुर्ची बंद पडली की मोटार जळाली असे समजून ती दुरुस्तीला धाडली जाते आणि तोवर वापरकर्ता घरात अडकतो. दोष मात्र अनेकदा किरकोळ असतो.

प्रथम मोटार व चाक यांना जोडणारी तरफ पाहावी. खुर्ची हाताने ढकलण्यासाठी ती सोडलेली असेल, तर खुर्ची चालत नाही आणि उतारावर ब्रेकही लागत नाही. चार्जर जोडलेला असताना किंवा सुरू करताना जॉयस्टिक मध्यभागी नसतानाही बहुतेक खुर्च्या जागच्या हलत नाहीत.

मग बॅटऱ्या. बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी काही तासांच्या विश्रांतीनंतर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. एक खालावली तरी दोन्ही एकत्रच बदलाव्यात. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर असल्यास वीज बंद करून, अंगठी-कडे उतरवून तो स्वच्छ करावा.

फ्यूज उडाल्यास त्याच क्षमतेचा बसवावा. तारेचा तुकडा लावल्यास आग लागू शकते. जॉयस्टिकवरील दिवा लुकलुकत असेल, तर त्याचे ठोके मोजून ठेवावेत. तो आकडा म्हणजे दोषाचा संकेत होय. कारागिराला तो आधीच सांगितल्यास योग्य सुटा भाग बरोबर येतो आणि खुर्चीच्या मालकाचे घरात अडकलेले दिवस वाचतात.