शस्त्रांवाचून सत्ता

कर्जत स्टेशनाकडून उल्हास नदीचा पूल ओलांडला कीं आमची दहिवली लागते. येथल्या आमच्या घरांत गेले दोन महिने एकच वाद चालू आहे. थोरल्या बंधूंची मुलगी राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाली. तिला चिनी भाषा शिकावयाची आहे, आणि त्यासाठीं चीन सरकारच्या शिष्यवृत्तीला अर्ज करावयाचा आहे. आमच्या वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, १९६२ चें युद्ध विद्यार्थिदशेंत पाहिलें. गलवानच्या खोऱ्यांत जून २०२० मध्यें आपले २० जवान धारातीर्थीं पडले, त्या दिवसाचें वर्तमानपत्र त्यांनीं अजून जपून ठेविलें आहे. "ज्यांनीं आपलीं पोरें मारलीं त्यांच्या घरचें अन्न खाऊन शिकायचें?" हा त्यांचा रोकडा प्रश्न. मुलीचें उत्तर असें : "अण्णा, ही त्यांची सॉफ्ट पॉवर आहे, हें मला ठाऊक आहे. ठाऊक असून जाणारा फसत नाहीं."

हा शब्द जोसेफ नाय या अमेरिकन पंडितानें १९९० च्या सुमारास रूढ केला. आपण तिला मृदुसत्ता म्हणूं. धाकानें किंवा पैशानें नव्हे, तर आपल्याविषयीं ओढ उत्पन्न करून दुसऱ्यास आपल्या बाजूस वळविणें, हें तिचें स्वरूप. शब्द नवा, रीत मात्र फार जुनी. आमच्याच नदीच्या उगमाकडे, राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाण्याचीं लेणीं आहेत. तेथील शिलालेखांत कोणा राजाचें नांव नाहीं. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढेंच आहे. घाटावर कार्ल्याच्या चैत्यांतील खांबांवर तर यवन दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. यवन म्हणविणाऱ्या माणसांनीं येथल्या धर्मासाठीं आपली गांठ सोडावी, हें कोणत्या फौजेचें काम? अशोकानें कलिंगयुद्धानंतर तेराव्या शिलालेखांत धर्मविजय हाच श्रेष्ठ विजय असें कोरविलें, आणि पांच यवन राजांच्या मुलखांत तो झाल्याचें सांगितलें. त्याच लेखांत अरण्यवासी लोकांना मात्र, शासन करण्याचें बळ आपणांत आहे, याची त्यानें आठवण दिली आहे! मृदुसत्तेच्या मागें खुंटीवर तलवार असते ती अशी.

अण्णांपुढें मीं एक नांव ठेविलें : डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापुरांत १९१० सालीं जन्मलेला, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजांत शिकलेला हा तरुण. जपाननें चीनवर आक्रमण केलें, तेव्हां चिनी सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. काँग्रेसचे त्या वर्षींचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं देशास आवाहन केलें, निधि जमला, आणि सप्टेंबर १९३८ मध्यें पांच डॉक्टरांचें पथक मुंबईहून बोटीनें निघालें. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि आमचे कोटणीस. ज्या देशाला स्वतःचें सैन्य नव्हतें, परराष्ट्रखातें नव्हतें, फार काय स्वातंत्र्यहि नव्हतें, त्यानें जगाकडे धाडलेलें हें राजदूतमंडळच म्हणावयास हरकत नाहीं.

चौघे परतले. कोटणीस मागें राहिले. ते चिनी भाषा शिकले, उत्तर चीनच्या डोंगरी रणक्षेत्रांत जखमींवर शस्त्रक्रिया करीत फिरले, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नांवें निघालेल्या रुग्णालयाचे १९४१ मध्यें प्रमुख झाले. त्याच वर्षीं कुओ छिंगलान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें मुलगा झाला, त्याचें नांव इन्हुआ ठेविलें : इन् म्हणजे हिंद, हुआ म्हणजे चीन. पुढच्या डिसेंबरच्या ९ तारखेस अपस्मारानें कोटणीस गेले, तेव्हां वय अवघें ३२. तो मुलगाहि १९६७ त ऐन तारुण्यांत वारला.

व्ही. शांताराम यांनीं १९४६ त ही कथा पडद्यावर आणिली व नायकाची भूमिका स्वतः केली. चिनी राज्यकर्त्यांनीं या नांवाचा उपयोग कसा केला, तें पाहण्याजोगें आहे. शिजियाझुआंग येथें समाधि आणि पुतळा. १९८२ त टपालाचें तिकीट. २००६ त राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ आणि २०१३ त पंतप्रधान ली केकियांग मुंबईस आले, तेव्हां दोघांनींहि कोटणीस कुटुंबियांची आवर्जून भेट घेतली. सीमेचा तंटा मात्र आहे तेथेंच आहे. त्या समाधीनें १९६२ थांबलें नाहीं, कीं २०२० थांबलें नाहीं. एका घरचा कर्ता मुलगा गेला, आणि त्याच्या नांवाचे हार दोन सरकारें पाळीपाळीनें एकमेकांच्या गळ्यांत घालतात, हें पाहून मन खिन्न होतें. तथापि त्या समाधीवर फूल वाहणारा सामान्य चिनी माणूस केवळ सरकारी हुकमानें येतो, असें मानणें अन्यायाचें होईल.

येथें अण्णांना त्यांच्याच फडताळाची आठवण करून देण्याचा मोह मला आवरला नाहीं. मॉस्कोच्या प्रगति आणि रादुगा या प्रकाशनसंस्थांचीं मराठी पुस्तकें एके काळीं अगदीं अल्प किमतींत मिळत. अण्णा साम्यवादाचे कट्टर विरोधक. पण चित्रें देखणीं, बांधणी चांगली आणि पैसे थोडे, म्हणून तींच ते आम्हां भावांसाठीं आणीत. आम्ही कोणी साम्यवादी झालों नाहीं. १९९१ त तें राज्यच मोडलें. परंतु बर्फ, समोवार आणि तिकडचीं खोडकर पोरें यांविषयीं जो जिव्हाळा बसला, तो कांहीं गेला नाहीं. मग मॉस्कोचे रुबल वायां गेले कीं सत्कारणीं लागले?

ओघ उलटाहि वाहतो. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार वयाच्या ९२ व्या वर्षीं, २०११ त, चीनला गेले, आणि क्वांगचौ येथें चिनी साधकांची गर्दी लोटली. संयुक्त राष्ट्रसंघानें २१ जून हा योगदिन ठरविला तो ११ डिसेंबर २०१४ रोजीं; १७७ देश सहप्रस्तावक होते, त्यांत चीनहि होता. पण १९५२ त व्हायोलिनवादक मेनुहिन अय्यंगारांकडे आसनें शिकूं लागले, तेव्हां कोणत्याहि सरकारचा ठराव नव्हता. पेरतात व्यक्ति, सरकारें मागाहून विळा घेऊन येतात.

अण्णांनीं अजून होकार दिलेला नाहीं. परवां मात्र संध्याकाळीं ओटीवर बसले असतां त्यांनीं नातीला हळूच विचारलें, "तिकडे शाकाहारी जेवणाची सोय काय असते ग?"